जोडीची पट्टी

सकाळच्या पाळीला निघताना पद्माचा एक पाय उंबऱ्याच्या बाहेर असायचा आणि दुसरा आत. पांढऱ्या साडीच्या निऱ्या सावरत ती नीलूच्या डब्यात पोळी-भाजी भरायची, श्रीपादचा डबा त्याच्या सायकलला अडकवायची आणि अर्धवट झोपेतल्या पोरीला उचलून शेजारच्या दारात गोजाबाईंच्या हवाली करायची. श्रीपाद भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. तो निघाला की तीही निघायची, आणि मागे खोलीत चहाचा वास तेवढा राहायचा.

खोली पिंपरी गावात होती, नदीच्या अंगाला. संत तुकाराम नगरात घर मिळेल तेव्हा मिळेल, तोवर गोजाबाईंची ही भाड्याची खोली बरी होती. गोजाबाई जुन्या गावातल्या. तोंडाने फटकळ, पण नीलूवर त्यांचा जीव. दुपारी ओसरीवर पोरीला शेजारी घेऊन आडव्या व्हायच्या आणि पोरीच्या आधी स्वतःच घोरायला लागायच्या.

पद्माचा नर्सिंगचा कोर्स लग्नाआधीच झाला होता. मुंबई रस्त्यावरच्या एका खासगी प्रसूतिगृहातून बोलावणं आलं, तेव्हा नीलू अजून अंगावर पीत होती. नाही म्हटलं असतं तर पुन्हा कोण विचारणार होतं? ज्यांची मुलं जगत नाहीत अशा बाळंतिणींची छाती जशी करकचून बांधतात, तशी तिने इंदुताईंकडून स्वतःची बांधून घेतली आणि कामावर रुजू झाली. इंदुताई तिथल्या मेट्रन. बांधताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "चार दिवस रडेल पोरगी. मग विसरेल." नीलू विसरली. पद्मा विसरली नाही. वॉर्डात एखादं बाळ चुरूचुरू प्यायला लागलं की तिचा हात अजून आपसूक पदराकडे जायचा.

सासूबाईंनी गावाहून बजावलं होतं की पोरीला जरा काही झालं तर त्याच दिवशी नोकरीला रामराम ठोकायचा. पद्माने ते मान्य केलं होतं, कारण त्या वर्षी तिला कायम करायचं घाटत होतं. कायम झाली की सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील, असा तिचा हिशेब होता. ती हट्टी होती आणि कामात पक्की होती, आणि तिचं तिच्या कामावर प्रेम होतं. हे तिसरं ती कुणाला सांगत नसे. बाईमाणसाने नोकरी नाइलाज म्हणून करावी, आवड म्हणून नव्हे, असे ते दिवस होते.

वॉर्डात एक पद्धत होती. बाई बाळंतपणाला आली की कापडाच्या दोन पट्ट्या कापायच्या, दोन्हीवर जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने तिचं नाव लिहायचं, एक तिच्या मनगटाला बांधायची आणि दुसरी खिशात ठेवायची. मूल जन्मलं की खिशातली पट्टी त्याच्या मनगटाला. बाळं वेगळ्या खोलीत ठेवत. पाजायच्या वेळी ती आयांकडे न्यायची, पट्टीला पट्टी लावून बघायची, मग मांडीवर द्यायची. पाजून झालं की परत आणायची. बाळ परत घेताना प्रत्येक आई विचारायची, "आता कधी आणाल?" आणि पद्मा, हातातलं बाळ सावरत, प्रत्येकीला म्हणायची, "भूक लागली की आणते." दिवसातून इतक्यांदा म्हणायची की ते शब्द मनाला न विचारताच जिभेवर यायचे.

मंजुळाबाई आली ती दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात. मराठवाड्यातून नवऱ्याबरोबर पोटासाठी आलेली, चाकणकडच्या एका वीटभट्टीवर कामाला. आधीची दोन मुलं गेलेली. पद्मा पट्टीवर नाव लिहीत होती तेव्हा ती मान उंचावून बघत होती.

"ह्ये बांधलं की लेकरू माझंच का, बाई?"

"हो. ज्याच्या हातावर ही पट्टी, ते तुमचंच. दुसरं कुणी नेणार नाही."

तिने पट्टीवरून अंगठा फिरवला. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने तो जांभळा आकार डोळ्यांत साठवून घेतला, हे पद्माला कळलं.

मूल रडलंच नाही. मुलगी होती, अंगाने चांगली भरलेली, पण रडली नाही. मंजुळाबाईचा नवरा दत्तोबा तिला फडक्यात गुंडाळून मातीत ठेवायला घेऊन गेला. मंजुळाबाईचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर होते, औषधं चालू होती, तरी थांबत नव्हतं. ती शुद्धीवर आली आणि बाळ मागायला लागली. अशक्त बाळंतिणीला पहिल्या दिवशी सांगायचं नाही, हा इंदुताईंचा नियम होता, आणि तो निर्दयपणाने केलेला नव्हता. त्यांनी पद्माकडे नुसतं बघितलं.

"आत झोपलीय," पद्मा म्हणाली. "मुलगी आहे."

"जोडीची पट्टी बांधलीसा?"

"बांधलीय."

"मग आणा की. छाती भरून आलीया माझी."

खरंच भरून आली होती. चोळी ओली झाली होती. एवढं रक्त गेलेल्या बाईला इतक्या लवकर दूध येत नाही, हे पद्माला ठाऊक होतं. पण समोर दिसत होतं ते दिसत होतं.

"भूक लागली की आणते," ती म्हणाली.

दुपारी मंजुळाबाई गेली. शेवटपर्यंत तिचं तोंड बाळांच्या खोलीच्या दाराकडे होतं. पद्मानेच तिला पुसून घेतलं, केस विंचरले, लुगडं नेसवलं. मनगटावरची पट्टी काढायला तिचा हात धजावला नाही. दत्तोबा आणि भट्टीवरची चार माणसं तिला त्याच संध्याकाळी पिंपरीच्या घाटावर घेऊन गेली. गावाकडे न्यायला पैसे नव्हते, आणि गावाकडे उरलं तरी कोण होतं?

त्या दिवशी पद्मा घरी आली ती पार पिळवटून. धुवायला टाकलेल्या अ‍ॅप्रनच्या खिशात नीलूचा हात गेला आणि मंजुळाबाईच्या नावाची, बांधायची राहिलेली दुसरी पट्टी तिच्या हाती लागली.

"आई, मला बांध. मी बाळ."

नीलू तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिला नर्स-नर्स खेळायला आवडायचं. पद्माने चुलीवरचा भात उतरवला, एका हाताने कपाळावरचा घाम पुसला आणि रोजच्या सवयीने, दुहेरी गाठ मारून, पट्टी पोरीच्या मनगटाला बांधली. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिची बोटं हे काम झोपेतही करू शकली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजाबाईंनी पोरीचा हात उलटसुलट करून बघितला. "ह्ये काय ग बाई नवीन?"

पद्माला उशीर झाला होता. ती हसून म्हणाली, "आमच्या दवाखान्यातला नियम आहे, मावशी. याची जोडी जिच्या हातावर असेल, तिच्याच ताब्यात पोरगी द्यायची!" आणि ती चालू लागली.

पट्टी काढू म्हटलं तर नीलू आकांत करायची. राहू दे चार दिवस, श्रीपाद म्हणाला. आंघोळीने अक्षरं पुसट होतील असं पद्माला वाटलं होतं, पण कॉपिंग पेन्सिल पाणी लागलं की उलट गडद होते. अक्षरं गडद झाली. त्यात नवल काहीच नव्हतं.

मग डबा तसाच परत यायला लागला. पोळी न मोडलेली, भाजीवर साय धरल्यासारखं तेल. "खात न्हाई, पर रडत बी न्हाई," गोजाबाई म्हणाल्या. घरी आल्यावरही नीलू दोन घास चिवडायची आणि उठायची. तरी पोरगी सुकली नाही. उलट गाल भरले, मनगटाला वळी पडली, आणि पट्टी आवळ दिसायला लागली. श्रीपाद तिला उचलून म्हणायचा, "गोजाबाईंचं जेवण मानवतंय हो हिला." पद्मालाही बरं वाटलं. नोकरीवाल्या आईची पोरगी बाळसं धरतेय, हे सासूबाईंना दाखवायला तिचा जीव आसुसला होता.

एका संध्याकाळी तिने नीलूला कुशीत घेतलं. पोरीच्या तोंडाला दुधाचा वास होता. गाईच्या नव्हे, म्हशीच्या नव्हे. आंबूस, गोडसर, कोमट. ज्या वासात तिचे दिवसचे दिवस जात होते, तो. तिने आधी स्वतःचा पदर हुंगला. वाटलं, वॉर्डातून आपणच घेऊन आलो असू. पदराला डेटॉलचा वास होता.

"नीलू, दूध कुणी दिलं?"

"मायनं."

"कुणी?"

"मायनं," नीलू म्हणाली आणि तिच्या छातीत तोंड खुपसून झोपी गेली.

त्यांच्या घरात कुणी माय म्हणत नव्हतं. गोजाबाई आईला 'आय' म्हणायच्या. कुठून तरी ऐकलं असेल, पद्माने स्वतःला समजावलं. गावात बाहेरची माणसं थोडी का आली होती? पण स्वयंपाक करताना तिने मंजुळाबाईचं नाव मनातसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तिचं लक्ष लागेना. एका बाळाला ती भलत्याच खाटेपाशी घेऊन गेली. पट्टी बघितली म्हणून निभावलं. इंदुताईंनी ते पाहिलं. पुढच्या आठवड्यात तिला कायम करायचं पत्र निघणार होतं, तरी त्या रागावल्या नाहीत.

"घरी जा," त्या म्हणाल्या. "आज तुझं चित्त थाऱ्यावर नाही."

ती भर दुपारी घरी पोचली. ओसरीवर गोजाबाई एकट्याच तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेजारी नीलूची गोधडी अंथरलेली होती आणि गोधडीच्या कडेला मोठा ओला डाग होता.

"नीलू कुठेय?"

"न्हेली की मघाशी. त्या तुमच्या बाईनं."

"कोणत्या बाईनं?"

गोजाबाईंनी सूप खाली ठेवलं. "रोज दुपारची येती ती. तुमीच धाडता न्हवं? दवाखान्यातली. हाताला तुमची ती पट्टी हाय तिच्या, अक्षी पोरीसारखीच. पयल्या दिशी पट्टीला पट्टी लावून दावली मला. मग मी कशाला अडवू? तुमीच म्हनला व्हता."

पद्माने गोधडीवरच्या ओल्या डागाला हात लावून बघितला.

"कशी आहे दिसायला?"

"मुकाट बसती. पोरीला मांडीवं घेती आन मला गुंगीच येती बगा. मान बी वर करत न्हाई ती." गोजाबाई थोड्या थांबल्या. "लुगडं कायम वलं असतं तिचं. छातीपाशी. मी म्हनलं, बाई, तुला बी घरी तान्हं हाय का? तर म्हनली, ह्येच की."

"कुठे नेलं?"

"घाटाकडं गेल्या दोगी."

पद्मा पळाली.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पत्र्यांवर ऊन तापलं होतं, कुठल्या तरी घरात रेडिओ चालू होता. तिची एक चप्पल तुटली, ती तिने तिथेच टाकली. देवळाच्या मागून वाट खाली नदीवर जात होती. पवनेचं पाणी उन्हाळ्यात आटून मधोमध आलं होतं आणि काठावरची जागा काळी पडली होती.

नीलू तिथे होती. एकटीच.

जिथे चिता जळतात त्या जागेपासून थोडी अलीकडे, दगडावर ती कुशीवर पडली होती. डोळे मिटलेले. गाल हलत होते. गळ्यातून घोट उतरताना दिसत होते.

पद्मा चार पावलांवर येऊन थांबली, कारण तेव्हा तिला दिसलं की नीलूचं डोकं दगडावर टेकलेलं नाही. ते दगडाच्या वर होतं, वीतभर, कशाच्या तरी घडीत विसावलेलं. एक हात वर धरलेला होता, आणि पट्टीच्या वरचं मनगट कुणी बोटांनी धरावं तसं दबलेलं होतं.

तिला झेप घालून पोरीला ओढून घ्यावंसं वाटलं. ओरडावंसं वाटलं. पण आयुष्यात तिला एक गोष्ट नीट येत होती. पीत असलेलं बाळ ओढायचं नसतं. ओढलं की आई घट्ट धरते.

ती हळूहळू पुढे गेली. खाटेच्या डाव्या अंगाला उभी राहायची तशी उभी राहिली. पदर खोचला. दोन्ही हात पुढे केले.

"बाई," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच निघाला, याचं तिला पुढे फार नवल वाटत राहिलं. "पाजून झालं असेल तर द्या. बाळाला झोपवायचंय."

काहीच झालं नाही. पलीकडे पाण्यात म्हशी बसल्या होत्या.

मग नीलूचे ओठ सुटले. तिच्या हनुवटीवरून एक पांढरा ओघळ गळ्यापर्यंत आला. आणि पद्माच्या हातांवर वजन आलं. आधी डोक्याचं, मग पाठीचं, मग पायांचं. अनुभवी बाई जसं मूल देते, तसं.

तिने नीलूला छातीशी धरलं आणि मागे वळली.

तिच्या खांद्यावर नीलूचं तोंड होतं. झोपेतच पोरगी पुटपुटली. आवाज नीलूचा होता, बोलणं तिचं नव्हतं.

"आता कवा आणाल?"

"भूक लागली की आणते," पद्मा म्हणाली.

म्हणून गेली. शब्द तोंडातून निसटले आणि मग तिला ऐकू आले. ती तशीच उभी राहिली. परत घ्यावेत म्हणून तिने तोंड उघडलं, पण मागे वळून बघायचं धाडस तिला झालं नाही.

घरी आल्यावर तिने पट्टी कात्रीने कापली आणि चुलीत घातली. नीलू या वेळी रडली नाही. पट्टीखाली कातडीवर जांभळी अक्षरं उमटली होती, उलटी. पद्माने ती साबणाने घासली, लिंबाने घासली, पोरीचं मनगट लालभडक झालं. संध्याकाळी श्रीपाद आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने नीलूचं मनगट दिव्याजवळ धरून बघितलं. मग म्हणाला, "गोजाबाईंनी कुणा भलतीच्याच ताब्यात पोर दिली असणार. आणि हे निघेल ग. शाईच ती."

"मी उद्यापासून जाणार नाही," पद्मा म्हणाली.

"अगं, कायम होतेयस. पुढच्या आठवड्यावर आलंय."

"नाही जाणार." ती रडायला लागली. नोकरीसाठी रडत होती, मंजुळाबाईसाठी रडत होती, आणि छाती बांधून घेतली त्या दिवसासाठीही. श्रीपादने मग वाद घातला नाही. सकाळी भोसरीला जाताना तो दवाखान्यात निरोप देऊन पुढे गेला.

त्या दिवशी पद्माने पांढरी साडी नेसली नाही. दाराला आतून कडी घातली. सकाळी लापशी केली, तूप सोडून. मग शिरा केला. मग वरणभात, गूळपोळी, केळ्याची शिकरण. पोरीच्या पोटात भुकेला जागाच ठेवायची नाही, असं तिने ठरवलं होतं. नीलू शहाण्यासारखी बसून सगळं खात होती. घास पुढे केला की तोंड उघडत होती.

"पोट भरलं?"

"हो."

"खरंच?"

"हो, आई."

'आई' म्हणाली. पद्माला इतका धीर आला की तिने पोरीला मांडीवर घेऊन थोपटलं, आणि थोपटता थोपटता तिचाच डोळा लागला. आदल्या रात्री ती क्षणभरही झोपली नव्हती.

जाग आली तेव्हा मांडी रिकामी होती. ऊन दाराच्या फटीतून आत आलं होतं. बाळांना आयांकडे न्यायची दुपारची वेळ झाली होती. घड्याळ न बघताही ते तिला कळत असे.

नीलू दाराशी उभी होती. तिने स्वतःच्या हाताने केस चापून बसवले होते. पायात चपला घातल्या होत्या, उजव्या-डाव्या बरोबर, जे तिला आजवर कधी जमलं नव्हतं. जांभळ्या मनगटाचा हात तिने पुढे केला होता, कुणीतरी बोट धरावं म्हणून.

"आई, मला भूक लागली," ती म्हणाली. "चल ना. तू आणते म्हणालीस."